पुन्हा एकदा परीक्षार्थी

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. रत्नागिरीतल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या केंद्रावर मुलीने मला स्कूटरवरून सोडलं. फाटकावरचे गृहस्थ अदबीने म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचं हं, बाई." मी पर्समधून प्रवेशपत्र काढून दाखवलं, तेव्हा बिचारे ओशाळले. त्यांची तरी काय चूक? २२ वर्षं शाळेत शिकवणारी बाई पात्रता सिद्ध करायला आली असेल, हे कोणाच्या मनात येणार?

मला मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण झाली. दापोली तालुक्यातल्या या मुलाने, वयाच्या सतराव्या वर्षी, मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची ठरवली. ती पास झाल्यावर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकत असे. भर पावसात सुमारे ११० मैल चालत तो साताऱ्याला पोहोचला. तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि "वय लहान दिसतं" म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पेपर हातात पडण्याआधीच निकाल! आल्या वाटेने परतताना त्या मुलाला काय वाटलं असेल? हेच कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले.

दुसरे आठवतात ते लोकमान्यांचे वडील, गंगाधरपंत टिळक. रत्नागिरीत शाळामास्तर. शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं. पण संसार सांभाळून त्यांनी संस्कृत आणि गणिताचा व्यासंग केला, त्रिकोणमितीवर पुस्तकही लिहिलं. १८६६ मध्ये शाळांचे असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांची पुण्याला बदली झाली. त्याच वर्षी पत्नी पार्वतीबाई गेल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा. बढतीच्या हुकुमात घरचं काही लिहिलेलं नसतं.

आमच्या पिढीचं घोडं डी.एड.वरून दौडू लागलं. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना आली. २००३ मध्ये मीही शिक्षणसेवक झाले. महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षं. कायम झाले तोच एमएससीआयटी पुढे उभी. २००१ मध्ये सुरू झालेला हा संगणकाचा अभ्यासक्रम सरकारी नोकरांना सक्तीचा झाला होता. ठरल्या मुदतीत पास न होणाऱ्याची वेतनवाढ थांबणार होती. मोठी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. तिला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी क्लासला जायची. माउस धरताना हात थरथरायचा, आणि जरा जमतंय म्हणेपर्यंत भारनियमन! आमच्या शाळेत तेव्हा संगणक नव्हता, हेही सांगायला हवं.

२०१० मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षेची अट घातली. महाराष्ट्रात ती परीक्षा पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली. आम्ही आधीचे, म्हणून निर्धास्त होतो. मग १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी, नाहीतर नोकरी सोडावी.

परीक्षेला माझा विरोध नाही. मुलांना परीक्षेला बसवणाऱ्यांनी स्वतः का बसू नये? पण नेमणुकीच्या वेळी नसलेली अट इतक्या वर्षांनी थेट नोकरीवर यावी, हे अजून पटत नाही. घराचे हप्ते चालू आहेत, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचं औषधपाणी आटोपून रात्री दहाला मी पुस्तक उघडायची.

अर्ज ऑनलाइन होता. फोटो, सही सगळं अपलोड करायचं. ते मुलीनेच केलं. कधीकाळी जिला मांडीवर ठेवून मी क्लासला पळत होते, तिनेच. उत्तरपत्रिका मात्र कागदाची. १५० प्रश्न, १५० मिनिटं, पेनाने गोल रंगवायचे. त्यात ३० प्रश्न बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. पहिलीत पहिल्या दिवशी दाराला धरून रडणाऱ्या पोराला आत कसं आणायचं, हे मला येतं. पण ते चार पर्यायांत बसत नाही.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, हे सर्टिफिकेट किती वर्षं चालतं गं?" पूर्वी सात वर्षांची मुदत होती, २०२१ मध्ये ती आजन्म केली, असं मी सांगितलं. "म्हणजे ही शेवटची परीक्षा ना?" मी कपाटातली प्रमाणपत्रांची फाइल काढून प्रवेशपत्र आत ठेवलं. फाइलमध्ये अजून चार कप्पे रिकामे आहेत.