पूर आणि प्रलय

पावसाळा लागला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक शब्द हमखास फिरतो: जलप्रलय. वेणेचं पाणी हिंगणघाटच्या वस्तीत शिरलं, जलप्रलय. यशोदाकाठची शेतं बुडाली, पुन्हा जलप्रलय. मला हा शब्द खटकतो. का, ते सांगायला जरा लांबून, पार ग्रीकांकडून यावं लागेल.

मराठी बायबलात नोहाच्या गोष्टीत 'जलप्रलय' हाच शब्द आहे. मुळातला हिब्रू शब्द 'मब्बूल'. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुदी पंडितांनी हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणायला घेतले, तेव्हा 'मब्बूल'साठी त्यांनी 'काताक्लिस्मोस' हा शब्द घेतला. 'काता' म्हणजे खाली, 'क्लिझो' म्हणजे पाण्यानं धुणं, विसळणं. थोडक्यात, वरून खालपर्यंत धुऊन नेणं. शब्द त्यांनी घडवलेला नव्हे. प्लेटोच्या लिखाणातही तो महापुरांसाठी येतो. (याच 'क्लिझो'पासून एनिमाचा ग्रीक शब्दही निघाला. आपल्या सेवाग्रामच्या बापूंना एनिमाचं किती अगत्य, ते वेगळं सांगायला नको!)

आता मुद्द्याचं. नव्या करारात 'काताक्लिस्मोस' फक्त चारदा येतो आणि चारही वेळा नोहाच्याच संदर्भात. पण लूकच्या सहाव्या अध्यायात, खडकावर पाया घातलेल्या घराच्या दृष्टान्तात, नदीला पूर येतो. तिथे शब्द बदलतो: 'प्लेम्मिरा', म्हणजे साधा पूर. त्या गोष्टीत पाणी का आलं याची चर्चाच नाही. घर कुठं बांधलं, पाया किती खोल खणला, एवढंच विचारलंय. तोच लूक पुढे सतराव्या अध्यायात नोहाबद्दल लिहिताना 'काताक्लिस्मोस' म्हणतो. म्हणजे दोन्हीतला फरक त्याला नीट कळत होता.

आपला 'प्रलय' तर त्याहून मोठा. मूळ धातू 'ली', विरून जाणं. सगळी सृष्टीच विरून गेली तर जाब कोणाला विचारायचा? आणि कोणी?

३० जुलै १९९१ ला आपल्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदी शिरली. दोनशेहून अधिक माणसं गेली. दुःख प्रलयाएवढंच, पण तो पूर होता. त्या नदीला काठ आहेत, पूररेषा आहे, वर आता धरणं आहेत, धरणाला दारं आहेत आणि ती दारं कधी उघडायची ते माणसंच ठरवतात. पूररेषेच्या आत प्लॉट पाडणारेही माणसंच असतात, नाही का?

खरं म्हणजे ग्रीक शब्दाच्या सर्वात जवळचा मराठी शब्द मला बायबलात नाही, तलाठ्याच्या पंचनाम्यात सापडला: 'जमीन खरडून गेली.' वरचा काळा थर धुऊन गेला, खाली मुरूम उघडा पडला. 'काताक्लिस्मोस' शब्दशः हाच. शेतात पाणी साचून कपाशी पिवळी पडली तर ते पिकाचं नुकसान, त्याचा दर वेगळा. जमीन खरडली तर दर वेगळा, कारण पीक पुढल्या हंगामात परत घेता येतं, माती परत आणता येत नाही. तेव्हा ज्यांच्या शेताचा पंचनामा व्हायचाय त्यांनी तलाठी भाऊंसमोर 'प्रलय आला' म्हणू नका. माती कुठवर गेली ते दाखवा, फोटो काढा आणि नोंदीत 'खरडून' हा शब्द आलाय का, ते सही करायच्या आधी वाचून घ्या.