बदक लंगडतंय? आधी तळपाय उलटा करून बघा

बदक लंगडायला लागलं की घरात दोनच मतं निघतात. मोठी माणसं म्हणतात, कापून टाका. पोरं म्हणतात, दवाखान्यात न्या. खरं तर वेळेत लक्ष दिलं तर अशी बरीच बदकं पुन्हा चालायला लागतात.

बदकाचे पाय अंगाच्या मानाने नाजूक असतात. कोंबडीसारखं पाय धरून उलटं लटकवलं की सांधा निखळू शकतो, हाडही मोडू शकतं. बदक उचलायचं ते दोन्ही हातांनी, पंख अंगाला दाबून आणि पोटाखाली आधार देऊन.

लंगडण्याचं कारण सापडल्याशिवाय औषध करू नये. आधी तळपाय बघावा. गादीवर सूज आणि मधोमध काळी खपली असेल तर आत जंतू शिरून गाठ झालेली असते. खडबडीत सिमेंट, काटे, सतत ओली घाण यामुळे हे होतं. ही खपली घरी ब्लेडने कोरू नये, आतला पू घट्ट असतो आणि जंतू खोल जातात. मग बोटांमध्ये बघावं. खताच्या पोत्याचा किंवा जाळ्याचा नायलॉन धागा गुंतलेला असतो, तो सहज दिसत नाही आणि हळूहळू पाय कापत जातो.

जखम असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ (सपाट दीड चमचा) घालून धुवावी, मग पोव्हिडोन आयोडीन चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावावं. माशा बसू देऊ नयेत, एका दिवसात अळ्या पडतात. कुत्र्याचा दात लागला असेल तर वरून छोटी दिसणारी जखम आत खोल असते, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

पाय लोंबकळत असेल, वाकडा झाला असेल तर हाड मोडलं आहे. मागे वळलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो. त्याच्या वरचं हाड मोडलं तर घरच्या पट्टीचा उपयोग नाही. खालचं असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत कापूस गुंडाळून पातळ पुठ्ठ्याचा आधार द्यावा, बोटं उघडी ठेवावीत. बोटं गार पडली किंवा सुजली तर पट्टी लगेच सैल करावी. हाड जुळायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

तोवर बदक वेगळं ठेवावं, नाहीतर नर आणि बाकीची बदकं त्याला टोचून हैराण करतात. फरशीवर पाय घसरतो म्हणून खाली कोरडा पेंढा घालावा आणि तो रोज बदलावा. एकटं पडलं की बदक खाणं सोडतं, म्हणून जाळीपलीकडे सोबती दिसेल असं बघावं. चारा आणि पाणी तोंडाशी हवं, कारण बदक पाण्याशिवाय कोरडं खाणं गिळू शकत नाही. भांडं चोच आणि नाकपुड्या बुडतील इतकं खोल असावं. बुरशी आलेला शेंगदाणा पेंडीचा तुकडाही नको, त्यातलं विष बदकाला फार लवकर भिनतं.

नुसता मुरगळलेला पाय असेल आणि जखम नसेल तर घमेल्यात कोमट पाण्यात रोज दहा मिनिटं तरंगू द्यावं, पायावर वजन येत नाही. नंतर पुसून कोरडं करावं.

लहान पिल्लं लंगडत असतील तर मार लागलाय असं लगेच धरू नये. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नियासिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. नुसत्या चिक फीडवर वाढलेली पिल्लं पाय फाकवून बसतात. डॉक्टरच्या सल्ल्याने बी-कॉम्प्लेक्स दिलं की लवकर दिलेलं लागू पडतं, उशीर झाला तर वाकलेला पाय तसाच राहतो. उन्हाळ्यात डबक्यावर फिरून आलेल्या बदकाचे पाय आणि मान दोन्ही लुळी पडली तर ती सडक्या पाण्यातली विषबाधा समजावी. आणि एकाच वेळी बरीच बदकं मरायला लागली तर हात न लावता दवाखान्याला कळवावं.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या बदकाला देऊ नयेत. फोनवर विचारायचं असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. प्रतिजैविक सुरू असेल तर त्या दिवसांतली आणि पुढे डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांची अंडी खाऊ नयेत, विकूही नयेत.