एम.डी. की डी.ओ.? अमेरिकेत मेडिकलच्या दोन ऑफर हातात असतील तर

न्यू जर्सी, शिकागो किंवा ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या आपल्या एखाद्या घरातल्या मुलीला मेडिकलला ॲडमिशन मिळाली की इकडे महाड-चिपळूणपर्यंत मुबारकबादीचे फोन सुरू होतात. मग कुणीतरी विचारतं, "डिग्री कुठली?" उत्तर "डी.ओ." आलं की पलीकडे क्षणभर शांतता. मामूंना वाटतं डोळ्यांचा डिप्लोमा, कारण आपल्याकडे डॉक्टरांच्या पाटीवर डी.ओ. म्हणजे अनेक वर्षं तोच होता. चुलतभाऊ मोबाइलवर शोधतो आणि सांगतो, "अरे, हे तर सांधे चोळणारे!" मुलीच्या अम्मीचा चेहरा उतरतो. आणि त्याच मुलीकडे दुसऱ्या कॉलेजची एम.डी.ची ऑफर असेल, तर घरातला निर्णय फोनवरच होऊन जातो.

तो तसा होऊ नये. पुढच्या चाळीस वर्षांचं काम आणि दोन-तीन लाख डॉलरचं कर्ज यात अडकलेलं असतं.

आधी नावांचा घोळ सोडवू. भारतात एम.डी. ही एम.बी.बी.एस. नंतरची डिग्री. अमेरिकेत एम.डी. ही पहिलीच मेडिकल डिग्री असते. चार वर्षांचं साधं कॉलेज झाल्यावर आणखी चार वर्षं शिकून ती मिळते. डी.ओ. म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन'. तीही चारच वर्षांची, प्रवेशाची एमकॅट परीक्षाही तीच. डी.ओ. डॉक्टरला अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत औषधं लिहिण्याचा, ऑपरेशन करण्याचा, कोणत्याही शाखेत तज्ज्ञ होण्याचा पूर्ण हक्क आहे. आज तिथल्या मेडिकल विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलं डी.ओ. कॉलेजांत शिकतात. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर बघा. २०२० मध्ये ट्रम्प यांना कोविड झाला तेव्हा टीव्हीवर माहिती देणारे शॉन कॉनली डी.ओ., नंतर बायडन यांचे केविन ओ'कॉनर डी.ओ., त्यानंतरचे शॉन बार्बाबेलाही डी.ओ. मामूंना एवढं सांगितलं तरी पुरे.

चुलतभाऊही अगदी खोटं बोलत नव्हता. ब्रिटनमध्ये 'ऑस्टिओपॅथ' म्हणजे खरोखरच डॉक्टर नव्हे. १९९३ च्या कायद्याने त्यांची नोंदणी करणारी वेगळी कौन्सिल आहे आणि ते हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करतात. युरोपातही बऱ्याच ठिकाणी तसंच. नाव जवळपास एकच, पण अमेरिकेतली डिग्री पूर्ण वेगळी. आणि 'ॲलोपॅथी' हा शब्द? तो होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी विरोधकांसाठी काढला. आपल्याकडे तो रोजच्या बोलण्यात रुळला, पण अमेरिकेतली एम.डी. कॉलेजं सहसा स्वतःला तसं म्हणवत नाहीत.

डी.ओ.ची सुरुवात मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात झाली. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८९२ मध्ये तिथे पहिलं कॉलेज काढलं. त्या काळातली औषधं अनेकदा रोगापेक्षा घातक होती आणि शरीराची रचना नीट ठेवली तर शरीर स्वतःला बरं करतं, असं त्याचं म्हणणं. पुढे औषधशास्त्र सुधारलं तसा डी.ओ.चा अभ्यासही बदलत गेला. तरी कमीपणाचा शिक्का बराच काळ राहिला. कॅलिफोर्नियात १९६२ मध्ये गंमतच झाली. तिथल्या डी.ओ. डॉक्टरांना छोटासा कोर्स आणि ६५ डॉलर फी घेऊन एम.डी. करून टाकलं, आणि नव्या डी.ओ.ना परवाने बंद! काल जो डॉक्टर कमी दर्जाचा होता तो आज ६५ डॉलरमध्ये बरोबरीचा झाला. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने पुन्हा सुरू करायला लावले. २०२० पासून तर एम.डी. आणि डी.ओ. यांची रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, एकाच मान्यतेखाली आलं आहे.

मग फरक उरला कुठे? उरला आहे, आणि तो लपवून उपयोग नाही.

अमेरिकेत शेवटच्या वर्षी रेसिडेन्सीसाठी 'मॅच' होते. विद्यार्थी आणि हॉस्पिटल दोघंही आपापली पसंती देतात आणि कॉम्प्युटर जोडी लावतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एम.डी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली ९३.५ टक्के मुलं मॅच झाली, डी.ओ.ची ९२.३ टक्के. वरवर पाहता फरक नाहीच. पण जागा कुठल्या, ते बघा. फॅमिली मेडिसिन, मुलांचे डॉक्टर, इंटर्नल मेडिसिन, मानसोपचार, इमर्जन्सी या शाखांत डी.ओ. मुलं भरपूर आहेत. त्वचारोग, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, कान-नाक-घसा, हाडांची सर्जरी इथे दार बंद नाही, पण अरुंद आहे. काही मोठी विद्यापीठ हॉस्पिटलं आजही डी.ओ.चे अर्ज मागे ठेवतात. संशोधनात जायचं असेल तरी एम.डी. कॉलेजात प्रयोगशाळा, प्राध्यापक, ओळखी जास्त सहज मिळतात.

त्यात परीक्षेचा बोजा. डी.ओ. मुलांना कॉमलेक्स द्यावीच लागते, आणि चढाओढीच्या शाखेसाठी बरेच जण एम.डी.वाल्यांची यू.एस.एम.एल.ई.ही देतात. अभ्यास दुप्पट होत नाही, पण डोकेदुखी वाढते आणि एकेका परीक्षेची फी सातशे डॉलरच्या आसपास जाते. २०२२ पासून दोन्ही परीक्षांचा पहिला टप्पा फक्त पास-नापास झाला आहे. पूर्वी डी.ओ.ची हुशार मुलगी पहिल्या टप्प्यातच मोठे मार्क काढून आपली लायकी दाखवू शकायची. आता ती सोय उरली नाही, सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर आणि कॉलेजच्या नावावर आला.

म्हणून आमचं मत साफ आहे. खर्च, शहर, हॉस्पिटल सगळं सारखं असेल तर एम.डी. घ्यावी. पण सगळं सारखं जवळजवळ कधीच नसतं. आणि मुलीला मनापासून फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ व्हायचं असेल, तर या दोन अक्षरांसाठी जास्तीचे लाखभर डॉलर मोजण्यात शहाणपण नाही.

इथे एक इशारा. कॅरिबियन बेटांवरची काही कॉलेजंही 'एम.डी.' देतात. अमेरिकेतली डी.ओ.ची ऑफर सोडून, फक्त पाटीवर एम.डी. यावं म्हणून तिकडे जाणं मोठी चूक ठरू शकते. २०२४ मध्ये परदेशी कॉलेजातून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे दोन तृतीयांशच मॅच झाले. बाकीच्यांच्या हातात एम.डी. डिग्री आहे, कर्ज आहे, पण रेसिडेन्सी नाही, आणि त्याशिवाय प्रॅक्टिस नाही.

दोन ऑफर तोलताना घरचे लोक कॉलेजची इमारत, रँकिंग, वेबसाइटवरचे फोटो बघतात. खरं बघायचं ते तिसरं-चौथं वर्ष. या दोन वर्षांत मुलं हॉस्पिटलमध्ये काम शिकतात. तिकडे त्याला रोटेशन म्हणतात. बहुतेक एम.डी. कॉलेजांचं स्वतःचं किंवा जोडलेलं मोठं हॉस्पिटल असतं. अनेक डी.ओ. कॉलेजांचं नसतं. मग मुलांना वेगवेगळ्या गावांत, कधी दुसऱ्या राज्यातही पाठवतात. दोन महिने इथे, दोन महिने तिथे, भाडं आणि गाडीचा खर्च वेगळा. काही रोटेशन तर एकाच खासगी डॉक्टरच्या दवाखान्यात होतात, जिथे दुसरा रेसिडेंट डॉक्टर दिसतच नाही. डॉक्टर चांगला असेल तर खूप शिकायला मिळतं, नसेल तर मुलगी कोपऱ्यात उभी. म्हणून कॉलेजला सरळ विचारा: मुख्य रोटेशन कुठे होतात, किती मुलांना घर बदलावं लागतं, हॉस्पिटल कॉलेज ठरवतं की मुलांनी स्वतः शोधायचं? गेल्या काही वर्षांची मॅच यादी मागा. किती मुलं पहिल्या वर्षात आली आणि किती वेळेत पास झाली, तेही विचारा. कॉलेज नवं असेल तर जास्त जपून, कारण पहिली तुकडी बाहेर पडायच्या सुमारासच पूर्ण मान्यता मिळते. नव्या एम.डी. कॉलेजालाही हे लागू आहे. या प्रश्नांना गोलमोल उत्तर मिळालं तर तेच तुमचं उत्तर समजा.

डी.ओ. मध्ये एक जास्तीचा विषय असतो, हाताने तपासणं आणि सांधे-स्नायूंवर उपचार करणं. दोन वर्षांत मिळून दोनशे तासांच्या आसपास. पुढे बरेच डी.ओ. डॉक्टर ते फारसं वापरत नाहीत, पण शिकावं लागतंच. मुलं ते एकमेकांच्या अंगावर शिकतात आणि प्रयोगशाळेत पाठ, खांदे, पाय उघडे ठेवणारे कपडे घालायला सांगतात. हिजाब घेणाऱ्या मुलींना हे पहिल्या आठवड्यात कळलं की पंचाईत होते. मुलांनाही संकोच वाटू शकतो. मार्ग निघतो: जोडीदार मुलगीच मिळावी, पातळ पूर्ण बाह्यांचा कपडा चालावा, पडद्याआड सराव व्हावा, अशा विनंत्या धार्मिक सवलत म्हणून करता येतात. फक्त प्रवेश घ्यायच्या आधी ई-मेलने विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. तिथे आधी शिकलेल्या एखाद्या मुस्लिम मुलीशी बोलणं झालं तर सगळ्यात उत्तम; बहुतेक कॉलेजांत मुस्लिम विद्यार्थ्यांचा गट असतो. जुम्याची वेळ, ऑपरेशन थिएटरमधला हिजाब हेही तिथेच कळेल. हे शेवटचे दोन प्रश्न एम.डी. कॉलेजातही येतातच.

आता पैसा. खासगी डी.ओ. कॉलेजची फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास असते. खासगी एम.डी. कॉलेजंही स्वस्त नाहीत, पण सरकारी कॉलेजं आणि स्कॉलरशिप एम.डी.कडे जास्त. न्यूयॉर्कच्या एन.वाय.यू.ने २०१८ मध्ये आणि आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये ट्यूशन फीच माफ केली, दोन्ही एम.डी. उलटही असतं. फोर्ट वर्थचं टेक्सास कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन सरकारी आहे. टेक्सासच्या रहिवाशाला तिथली डी.ओ. ही दुसऱ्या राज्यातल्या खासगी एम.डी.पेक्षा कितीतरी स्वस्त पडते. मिशिगन, ओहायो, ओक्लाहोमातही सरकारी डी.ओ. कॉलेजं आहेत.

२०२६ पासून हिशेब आणखी बदलतो. ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज पूर्वी जवळपास सगळा खर्च भरून काढायचं. १ जुलै २०२६ पासून ते नव्या विद्यार्थ्यांना बंद. मेडिकलच्या मुलांना सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच मिळतील. समजा फी ६० हजार आणि राहणं-खाणं ३० हजार, म्हणजे वर्षाला ९० हजार. दर वर्षी ४० हजार कमी पडतात, चार वर्षांत १ लाख ६० हजार. ते खासगी बँकेकडून आणायचे तर बँक बापाची सही मागणार, आणि सरकारी कर्जावरच्या सवलती त्याला नाहीत. सरकारी कर्जावरही व्याज पैसे हातात आल्या दिवसापासून चढतं. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही अशा एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना तर सरकारी कर्ज मिळतच नाही.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत नुसता आकड्यांचा नसतो. उलमांमध्ये यावर मतभेद आहेत. काही जण सरळ मनाई करतात, काही जण दुसरा रस्ताच नसेल तर गरजेपुरती सवलत देतात. आपल्या विश्वासातल्या आलिमांना खरे आकडे समोर ठेवून विचारा, "हॉस्पिटलवाल्या शिक्षणासाठी कर्ज चालेल का" असं मोघम नको. अमेरिकेत 'अ कंटिन्युअस चॅरिटी' ही संस्था मुस्लिम विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज देते. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही सरकारी योजना फी आणि महिन्याचा खर्च देते; बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काही वर्षं प्राथमिक उपचारांचं काम करायचं. ती फक्त नागरिकांसाठी, पण एम.डी. आणि डी.ओ. दोघांनाही खुली आहे. फॅमिली मेडिसिन करायचंच असेल तर हिच्याकडे आधी बघा. सैन्याची स्कॉलरशिपही आहे, पण ती घ्यायची की नाही हा प्रत्येक घराचा वेगळा विषय.

परत यायचा विचार असेल, म्हणजे पुणे-मुंबईत किंवा गल्फमध्ये प्रॅक्टिस, तर त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलकडून डी.ओ.बद्दल आधीच लेखी विचारून घ्या. एम.डी. हे नाव सगळीकडे ओळखीचं असल्याने तिथे समजावून सांगायची वेळ कमी येते.

शेवटी तारखा. डी.ओ. कॉलेजं ऑफर आल्यावर थोड्याच आठवड्यांत डिपॉझिट मागतात, कधी हजार डॉलर किंवा त्याहून जास्त, आणि ते बहुधा परत मिळत नाही. एम.डी.ची उत्तरं मात्र मार्च-एप्रिलपर्यंत, वेटिंग लिस्टवर असाल तर जून-जुलैपर्यंतही येत राहतात. तेव्हा डी.ओ.चं डिपॉझिट भरून जागा पकडून ठेवावी आणि एम.डी.ची वाट बघावी. यात काही गैर नाही, सगळे तेच करतात. ते हजार डॉलर बुडाले तरी विमा उतरवला असं समजायचं. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, एम.डी.च मिळेल" म्हणून हातातली डी.ओ. सोडणं मात्र जुगार आहे. एम.डी. कॉलेजांचं डिपॉझिट साधारण शंभर डॉलर असतं आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत परत मिळतं. ३० एप्रिलच्या सुमारास एकच जागा ठेवून बाकीच्या सोडाव्या लागतात. ठरलं की दुसऱ्या कॉलेजला त्याच दिवशी ई-मेल करा. ती जागा वेटिंग लिस्टवरच्या कुणाला तरी मिळते, आणि तेही घर फोनकडे डोळे लावून बसलेलं असतं.