परिस्सावन आणि लगद्याची चाळणी : कागदाच्या शुद्धीचा इतिहास

विनयपिटकाचे अध्ययन करताना काही शब्दांवरून अभ्यासकाची दृष्टी सहज घसरून जाते. ‘परिस्सावन’ हा असाच एक शब्द होय. परिस्सावन म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र. भिक्खूच्या अष्टपरिक्खारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई आणि कायबंधन यांच्या जोडीने त्याची गणना केली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुसऱ्याच एका गाळणीचा आहे. कागद करण्यापूर्वी त्याच्या लगद्यातील गाठी, वाळू व कचरा वेगळा करणारी ही गाळणी ग्रंथांच्या इतिहासात सहसा उल्लेखिली जात नाही. ग्रंथ कोणी रचला, कोणी भाषांतरित केला, कोणत्या राजाने आश्रय दिला, हे आपण विचारतो. ज्या कागदावर तो उतरला तो शुद्ध कोणी केला, हे विचारीत नाही. या दोन गाळण्यांचा संबंध कोठवर लागतो आणि कोठे लागत नाही, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विनयातील गाळणी

चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात एक कथा आली आहे. कोसल जनपदातून दोन भिक्खू प्रवास करीत होते. त्यांपैकी एकाचे वर्तन योग्य नव्हते, म्हणून दुसऱ्याने त्याला समज दिली. त्याचा राग पहिल्याने मनात धरला. पुढे दुसऱ्याला तहान लागली, तेव्हा त्याने गाळणी मागितली, परंतु पहिल्याने ती दिली नाही आणि दुसरा भिक्खू तहानेने मरण पावला. हे वृत्त कळल्यावर तथागतांनी नियम घालून दिला की, वाटेत सोबत्याने गाळणी मागितल्यास ती दिलीच पाहिजे आणि गाळणीवाचून प्रवासास निघू नये. गाळणी नसेल तर संघाटीचे टोकच गाळणी म्हणून अधिष्ठित करावे. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

याच प्रकरणात गाळणीच्या रचनेचाही विकास दिसतो. वैशाली येथे भिक्खू नवकम्म, म्हणजे बांधकाम, करीत असता साध्या वस्त्राने पाणी पुरेना. तेव्हा प्रथम दंडपरिस्सावनाची आणि तेही अपुरे पडल्यावर ‘ओत्थरक’ या साधनाची अनुज्ञा देण्यात आली. समंतपासादिकेतील स्पष्टीकरणानुसार, चार काठ्यांना वस्त्र बांधून ते पाण्यात पसरावयाचे, त्याच्या कडा पाण्याबाहेर राहू द्यावयाच्या आणि मध्यभागी गाळून वर आलेले पाणी घटाने उपसून घ्यावयाचे, असे ओत्थरकाचे स्वरूप होते. दंडपरिस्सावनाचे वर्णन करताना अट्ठकथाकार रजकांच्या क्षार गाळण्याच्या साधनाची उपमा देतात. संघाने हे तंत्र श्रमिकांच्या हातातील साधनांच्या ओळखीतूनच समजून घेतले, असे यावरून म्हणता येते.

नेपाळात लोकता नावाच्या झुडपाच्या सालीपासून कागद करताना लाकडी चौकटीवर ताणलेले कापड पाण्यावर तरंगत ठेवतात, त्यात लगदा ओततात आणि चौकट उचलून तशीच उन्हात वाळवितात. ही चौकट पाहिली की ओत्थरकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेव्हा कागदाचा साचा हा भिक्खूंच्या गाळणीतूनच निघाला, असे अनुमान करण्याचा मोह होतो. आम्हांसही तो झाला होता. परंतु या अनुमानास आधार नाही. कागदाचा उगम चीनमध्ये, बुद्धधम्म तेथे रुजण्यापूर्वीच झाला होता. साधनांत साम्य असले म्हणजे वंशही एकच असतो, असे नव्हे. धम्माचे महत्त्व वाढविण्यासाठी इतिहासावर नसते ओझे लादणे, हे पालि अभ्यासकास शोभणारे नाही.

गाळून काय ठेवावयाचे?

साम्याच्या मागील भेद अधिक बोधप्रद आहे. परिस्सावनात पाणी हवे असते आणि वस्त्रावर जे अडते ते सूक्ष्म जीव असतात. त्यांची हिंसा टळावी हा तेथे हेतू असतो. सप्राणक पाणी जाणूनबुजून वापरणे पाचित्तियात गणले आहे, ते याच कारणाने. कागदाच्या साच्यात याच्या उलट घडते. तेथे पाणी निघून जावे लागते आणि वर अडलेले तंतू म्हणजेच कागदाचा ताव होय. आणि या दोहोंहून निराळी अशी तिसरी गाळणी म्हणजे लगद्याची चाळणी. तीतून पाणी व तंतू दोन्ही पलीकडे जातात आणि अडतात त्या केवळ गाठी, साल व न शिजलेले तुकडे. चाळणी एकच, पण राखावयाचे काय आणि टाकावयाचे काय, यावर तिचे कार्य ठरते.

चीन आणि जपान

इ. स. 105 मध्ये त्साय लुन या राजदरबारातील अधिकाऱ्याने हान सम्राटास कागदाची पद्धती सादर केली, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. झाडाची साल, तागाचे टाकाऊ धागे, जुन्या चिंध्या व मासेमारीची जाळी ही त्याची द्रव्ये होती. उत्खननात सापडलेले कागदाचे तुकडे त्याहूनही प्राचीन आहेत. म्हणून त्साय लुन हा आद्य जनक नसून सुधारक होता, असे आता मानले जाते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही सर्व द्रव्ये मुळात मलिन होती. चिंधी आणि जुने जाळे यांतून स्वच्छ ताव काढावयाचा म्हणजे कुटण्याइतकेच धुण्याला महत्त्व येणार हे उघड आहे.

बुद्धवचन चिनी भाषेत उतरू लागल्यावर कागदाची गरज अपार वाढली. कोरियातील कोगुर्यो राज्यातून 610 साली जपानात आलेला भिक्खू दोन्चो हा रंग, शाई व कागद करण्यात कुशल होता, असे जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथात नमूद आहे. 764 च्या बंडानंतर सम्राज्ञी शोतोकू हिने दहा लक्ष लहान लाकडी स्तूप करवून प्रत्येकात छापील धारणी ठेवविली. हे कार्य 770 मध्ये पूर्ण झाले. 868 साली छापलेले, सुमारे 5 मीटर लांबीचे वज्रच्छेदिकेचे चिनी गुंडाळीपत्र तुन-हुआंगच्या गुंफेत सापडले. ती गुंफा अकराव्या शतकाच्या आरंभी बंद झाली आणि 1900 साली उघडली गेली. त्या कोरड्या अंधारात कागद टिकला, याचे श्रेय वाळवंटी हवेस जाते. तसेच ते लांब, नीट धुतलेल्या तंतूंनाही जाते.

हे धुणे कसे होत असे, याचे स्पष्ट चित्र सुंग यिंग-शिंग याने 1637 साली प्रसिद्ध केलेल्या उद्योगविषयक ग्रंथात मिळते. बांबू शंभराहून अधिक दिवस पाण्यात मुरवावयाचा, कुटून धुवावयाचा, चुन्यासह आठ दिवस व आठ रात्री शिजवावयाचा आणि मग स्वच्छ पाण्याच्या हौदात पुन्हा धुवावयाचा. त्या हौदाच्या तळाशी व चारही बाजूंनी फळ्या जोडून बसवीत, कारण मातीचा कण लगद्यात जाऊ नये. जाड्याभरड्या कागदासाठी इतकी काळजी आवश्यक मानली जात नसे. कागदाची प्रत ही धुण्याच्या कुंडापासूनच ठरत असे, हे यावरून स्पष्ट होते.

जपानात याहून कष्टाची एक पायरी आहे. शिजवून धुतलेल्या कोझोच्या सालीतील काळे ठिपके व गाठी गार पाण्यात बसून बोटांनी एकेक वेचून काढतात. या कामाला ‘चिरीतोरी’ म्हणतात आणि ते बव्हंशी स्त्रियांनी केले आहे. येथे मनुष्याचे डोळे व बोटे हीच चाळणी होय. धारणी छापविणाऱ्या सम्राज्ञीचे नाव इतिहासात राहिले. त्या कागदामागील हातांपैकी कोणाचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

आपल्या भूमीतील कागदी

पालि तिपिटक सिंहलद्वीपात इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकात ताडपत्रांवर लिहिले गेले आणि त्यानंतरही दीर्घकाळ ताडपत्रांवरच राहिले. आपल्याकडे कागद करण्याचा व्यवसाय मध्ययुगात रुजला. दौलताबादेजवळचे कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही त्याची महाराष्ट्रातील प्रसिद्ध केंद्रे. हा व्यवसाय करणाऱ्या मुस्लिम कारागिरांस ‘कागदी’ म्हणत. जुन्या चिंध्या, दोर व गोणपाट कुटून केलेला लगदा कापडात घेऊन ते वाहत्या पाण्यात पुनःपुन्हा धूत. मग गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी विणून केलेल्या ‘छापरी’वर तो हौदातून उचलीत. या छापरीच्या रेघा प्रकाशासमोर धरलेल्या जुन्या हस्तलिखितांत आजही दिसतात. ज्या जुन्नरच्या डोंगरांत लेण्यांचे दानलेख कोरले गेले, त्याच गावी कितीएक शतकांनंतर कागद्यांची वस्ती नांदावी, हा योगायोगच. परंतु दानाची नोंद शिलेवरून कागदावर कशी आली, याचा विचार करणाऱ्यास तो उपयोगी वाटेल.

यंत्र आले

1799 मध्ये फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर याने अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचा हक्क घेतला. इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनियर बंधूंच्या भांडवलावर ब्रायन डाँकिन याने ते कार्यक्षम केले. आता ताव एकेक उचलला जात नव्हता. तारेच्या फिरत्या जाळीवरून त्याचा अखंड पट्टा वाहत होता. हाताच्या साच्यात एक गाठ आली तर एक ताव वाया जाई. यंत्रावर तीच गाठ दाबरुळाखाली सापडली की सारा पट्टा तुटे. कागदात राहिलेला कठीण कण पुढे छपाईच्या खिळ्यांसही इजा करी. हात गेला, तेव्हा हाताबरोबर असलेली नजरही गेली आणि तिची जागा घेणारे साधन शोधावे लागले.

1830 साली रिचर्ड इबॉट्सन याने अरुंद फटी असलेल्या पट्ट्यांच्या गाळणीचा हक्क घेतला. फटच का, भोक का नव्हे? तंतू एक ते तीन मिलिमीटर लांब असला तरी त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. म्हणून तो फटीतून लांबीच्या दिशेने निसटतो, पण गाठ अडून राहते. फटी बुजू नयेत म्हणून ही गाळणी हलती ठेवावी लागे. तत्त्व साधे होते, परंतु त्यामुळे चिरीतोरीचे काम धातूच्या पट्टीवर सोपविले गेले.

आजची चाळणीही याच तत्त्वावर चालते. बंद पात्रात उभी, नळकांड्यासारखी जाळी असते आणि पुष्कळ पाणी घालून पातळ केलेला लगदा दाबाखाली तीतून जातो. आत फिरणारी पाती क्षणोक्षणी उलटा झोत निर्माण करून फटी मोकळ्या ठेवतात. या फटी मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतक्याच असतात. वाळूचा बारीक कण मात्र फटीतूनही जातो. त्याच्यासाठी निमुळत्या नळीत लगदा गरगरा फिरवितात. जड कण कडेला जाऊन तळातून पडतात आणि तंतू मध्यातून वर निघतात. आकाराने भेद होत नाही तेथे वजनाने करावयाचा, अशी ही योजना आहे.

चाळणीस न दिसणारे

1893 मध्ये सयामचा राजा चुलालंकर्ण याने तिपिटक 39 खंडांत छापविले. 1881 साली स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्या आणि भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली 1956 पासून निघालेली नालंदेची देवनागरी आवृत्ती यांनी पालि वाङ्मय अभ्यासकांच्या टेबलावर आणले. हे सारे यंत्रयुगाच्या कागदावर झाले. येथेच एक विपरीत गोष्ट नमूद केली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिंधीऐवजी लाकूड आले आणि कागद पाण्यास धरण्यासाठी तुरटी व राळ वापरली जाऊ लागली. चाळण्या अधिकाधिक सूक्ष्म झाल्या, ताव पूर्वी कधी नव्हता इतका निर्मळ दिसू लागला. परंतु तुरटीचे आम्ल पाण्यात विरघळलेले असते. ते कोणत्याही फटीत अडत नाही. तेच हळूहळू तंतू तोडते. म्हणून अकरा शतकांपूर्वीची वज्रच्छेदिका उलगडता येते आणि शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक हातात घेतले की पानाचा कोपरा तुटून पडतो. वृत्तपत्राचा कागद तर लाकूड वाटून केलेल्या लगद्याचा. तो सर्वांत आधी पिवळा पडून ठिसूळ होतो.

‘मूकनायक’ 1920 साली निघाला, ‘बहिष्कृत भारत’ 1927 साली, ‘जनता’ 1930 साली आणि ‘प्रबुद्ध भारत’ 1956 साली. या पत्रांतील मजकूर पुनर्मुद्रणाने पुष्कळसा वाचला आहे. परंतु तत्कालीन सभावृत्तांत, वर्गणीदारांची पत्रे, गावोगावची पत्रके, विहारांच्या स्थापनेच्या पावत्या हे सारे आजही विहारांच्या कपाटांत व घरांच्या पेट्यांत घडी घालून पडलेले आहे. कोणाची आजी तो कागद धान्याच्या कणगीमागे जपून ठेवते, कोणी तो रद्दीत घालतो. ज्या घडीवर तो दुमडला, तेथेच तो तुटणार आहे. त्याच्या प्रतिमा घेणे, तो सपाट ठेवणे, आम्लरहित कागदाच्या वेष्टनात राखणे, ही कामे सामान्य वाटली तरी अष्टपरिक्खारांतील गाळणीही अशीच सामान्य वस्तू होती.

त्या कोसलच्या वाटेवर गाळणी होती, पण ती दिली गेली नाही. आमच्यापाशीही राखण्याची साधने आहेत. काय अडवून ठेवावयाचे आणि काय वाहू द्यावयाचे, हे चाळणी ठरवीत नाही. ती धरणारा ठरवितो. ज्या विहारात असे एखादे कपाट आहे, तेथील उपासक-उपासिकांनी ते या वर्षावासात उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.