फर्माचे भाकीत मोडणारी संख्या

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. ती मूळ आहे की संयुक्त, या प्रश्नाचे उत्तर मिळायला ब्याण्णव वर्षे लागली.

तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा याने १६४० साली एका पत्रात आपली अटकळ मांडली. २ चा घातांक १ पासून दर वेळी दुप्पट करत जायचा आणि येणाऱ्या संख्येत १ मिळवायचा, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशा संख्या मिळतात. या पाचही मूळ आहेत, तेव्हा पुढच्याही सगळ्या मूळच असणार, अशी त्याची खात्री होती. नेमकी सिद्धता हाती नाही, हेही त्याने मोकळेपणाने लिहिले होते. सहावी संख्या, म्हणजे सुरुवातीला दिलेली, एकदम दहा अंकी निघते. ती मूळ असल्याची सरळ भागाकारांनी खात्री करायची, तर ६५,५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागेल.

१७२९ मध्ये गणितज्ञ गोल्डबाखने हे विधान ऑयलरच्या कानावर घातले. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत होता. १७३२ साली त्याने या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो, हे जाहीर केले. त्यामागची युक्ती त्याने पुढे उलगडली, आणि खरे सौंदर्य तिच्यातच आहे. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने मोठा असलाच पाहिजे. मग ६५, १२९, १९३ असे चढत जायचे आणि संयुक्त संख्या गाळायच्या. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य!

हा भागाकार न मांडताही पडताळा घेता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते. दोन्हींचा चौथा घात घेतला, की ६२५ × २ चा २८वा घात यांची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. तेव्हा ६२५ च्या जागी −१६ चालतो. १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य.

फर्माची अटकळ मोडली, तरी त्याच्या संख्या गणितातून गेल्या नाहीत. १७९६ मध्ये गाउसने कंपास व पट्टीने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले, आणि अशा रचनांची किल्ली फर्माच्या मूळ संख्यांत सापडली. सातवी संख्या वीस अंकी. तिचे अवयव लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पाडले. ६५,५३७ नंतर या मालिकेतली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. त्यामुळे रचना करता येण्याजोग्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी सर्वांत मोठा ज्ञात बहुभुज ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ इतक्या बाजूंचा आहे. हा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो, ऑयलरने फोडलेल्या संख्येपेक्षा फक्त दोनने कमी.