परवानाधारकाचे छोटे शस्त्र : रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाल्यावर कोणते शस्त्र घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेकांचा कल लहान व हलक्या शस्त्राकडे असतो. मात्र अंगावर बाळगण्यास सोयीचे शस्त्र चालविण्यासही सोपे असतेच असे नाही.

भारतात नागरिकांपुढील निवड मर्यादित आहे. ९ मिलिमीटर, पॉइंट ३८ आणि पॉइंट ४५५ ही ‘प्रतिबंधित बोअर’ची शस्त्रे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत. उरतात ती मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२ बोअरची.

सरकारी कारखान्यांची शस्त्रे

कानपूरचे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या रचनेवर आधारलेले आहे. वजन सुमारे ७०० ग्रॅम, गोळ्या सहा. २०१४ मध्ये कानपूरहूनच ‘निर्भीक’ आले. बोअर आणि गोळ्यांची संख्या तीच. पण टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन सुमारे ५०० ग्रॅमवर आले. महिलांसाठीचे शस्त्र म्हणून ते गाजले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. ईशापूरचे ‘निडर’ पॉइंट २२ बोअरचे असून सुमारे २५० ग्रॅम वजनात आठ गोळ्या घेते. ‘अशनी’ हे पॉइंट ३२ पिस्तूल. त्याच्या मॅगझिनमध्ये आठ गोळ्या बसतात.

हलकेपणाची किंमत

तेच काडतूस हलक्या शस्त्रातून झाडले की हाताला बसणारा धक्का वाढतो आणि दुसरी गोळी नेमावर ठेवणे कठीण जाते. आखूड नळीमुळे नेम धरताना होणारी किंचित चूकही लक्ष्यावर मोठी ठरते. ‘निडर’चा धक्का सौम्य असला तरी पॉइंट २२ गोळीचा जोरही कमी असतो.

पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली सहज झाकले जाते. रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा फुगवटा जाणवतो. परंतु काडतूस फुसके निघाल्यास रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढची गोळी समोर येते. पिस्तुलाची मात्र स्लाइड मागे ओढावी लागते आणि घाबरलेल्या अवस्थेत सराव नसलेला हात तिथेच अडखळतो. शिवाय, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही पॉइंट ३२ असली तरी त्यांची काडतुसे वेगळी असतात. त्यांची अदलाबदल करू नये.

कायद्याची चौकट

शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. ते उगारून दाखविण्यास मनाई आहे. परवान्यावर नमूद केलेल्या क्षेत्राबाहेर ते नेता येत नाही. त्यामुळे गोव्यातून सिंधुदुर्ग वा बेळगावला जाताना परवाना तपासून पाहणे आवश्यक ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात. आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

निवड करताना

नियमित सरावाची तयारी नसलेल्यास साध्या रचनेचे, थोडे जड रिव्हॉल्व्हर अधिक भरवशाचे. सराव असलेल्यास पिस्तुलाचा चपटेपणा आणि दोन जादा गोळ्या उपयोगी पडतात. घरात लहान मुले असतील, तर कोणत्याही शस्त्राआधी कुलूपबंद पेटीचा विचार व्हावा. लहान शस्त्र जितके सहज लपते, तितकेच सहज चुकीच्या हातीही पडते.