पोलिश व युक्रेनियन ह्यांची सीमा

पोलिश व युक्रेनियन ह्या स्लाव्ह भाषाभगिनींमधील सीमा आज दोन देशांच्या सरहद्दीशीं बहुतांशीं जुळते. ती निसर्गानेंच आंखली असावी, असा वाचकांचा ग्रह होईल. आमच्या मतें ती माणसें हलवून आंखलेली आहे. १९३१ च्या पोलिश शिरगणतींत (तिच्याविषयींचे वाद असोत) ल्विव शहरांत बहुसंख्यांची मातृभाषा पोलिश होती. पूर्व गॅलिशियाच्या खेड्यापाड्यांतून मात्र मुख्यतः युक्रेनियन चाले. महायुद्धानें नवी सरहद्द पडली आणि १९४४ ते १९४६ ह्या काळांत पोलिश लोक पश्चिमेस, युक्रेनियन पूर्वेस धाडले गेले. मागें राहिलेल्या सुमारें १,४०,००० युक्रेनियन व डोंगरी लेम्को लोकांस १९४७ सालीं पोलंडच्या उत्तर व पश्चिम भागांत विखरून टाकलें. ल्विवचीं अनेक पोलिश कुटुंबें व्रोत्सवाफ येथें वसलीं. तेथेंच २०२२ पासून युद्धामुळें आलेल्या निर्वासितांची युक्रेनियन रस्तोरस्तीं कानीं पडते.